वर्षभर दर तासाला कार्ड पंच करणारा माणूस

परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलाकाराने स्वतःच्या शरीराने केलेली कृती हीच कला, म्हटलं की लोकांना आधी रक्त, ब्लेड, कपडे काढणं असलंच आठवतं आणि मग "हे कसलं आर्ट" सुरू होतं. मलाही त्यातलं बरंचसं उगाच भडक वाटतं, पण तेहचिंग श्येहचं काम वेगळं आहे, तिथे बघण्यासारखं जवळजवळ काही नाहीच.

हा मूळचा तैवानचा. १९७४ ला खलाशी म्हणून अमेरिकेला आला, जहाज सोडून सटकला आणि पुढची चौदा वर्षं कागदपत्रांशिवाय काढली, पोटासाठी भांडी घासणं, साफसफाई असली कामं. एप्रिल १९८० मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या आपल्या स्टुडिओत कारखान्यात कामगारांच्या हजेरीसाठी असतं तसलं पंचिंग मशीन भिंतीला लावलं आणि पुढचं वर्षभर, दिवसा रात्री, दर तासाच्या ठोक्याला कार्ड पंच केलं. झालं, एवढंच काम! म्हणजे सलग तासभरही झोप नाही, लांब कुठे जाणं नाही, आणि एवढं करून पगार शून्य.

दर पंचला १६ एमएम कॅमेऱ्यावर एकच फ्रेम घ्यायची. सुरुवातीला डोक्याचा चकोट, अंगात कामगाराचा करडा युनिफॉर्म, चेहरा कोरा. ती फिल्म साधारण सहा मिनिटांची आहे, मागे घड्याळाचे काटे गरगर फिरतायत, हा जागच्या जागी थरथरल्यासारखा दिसतो आणि केस वाढत वाढत खांद्यापर्यंत येतात. अभिनय नाही, कण्हणं नाही, शरीराने फक्त हजेरी लावायची आणि वेळ काय तो त्या केसांत दिसणार.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा हिशोब. ८७६० पैकी १३३ पंच हुकले, ९४ झोप लागल्यामुळे, २९ उशीर झाल्यामुळे, १० वेळेआधीच मारल्यामुळे, आणि हे त्याने स्वतः तक्ता करून मांडलंय. दुसरा कोणी असता तर आकडा लपवला असता किंवा त्याचं रडगाणं गायलं असतं. इथे झोप अनावर झाली हेही कामातच धरलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आपल्याकडे खडेश्री साधू वर्षानुवर्षं उभे राहतात, मग यात नवीन काय. पण साधूच्या उभं राहण्यामागे व्रत असतं, पुण्य असतं, पाया पडणारी माणसं असतात. श्येहच्या त्या कार्डांना कसलंच फळ नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त अवघड वाटतं.

त्याआधी १९७८-७९ ला तो वर्षभर पिंजऱ्यात राहिला, बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं बंद. कार्ड पंचिंगच्या वर्षानंतर एक वर्ष छपराखाली न जाता काढलं, त्यात पोलिसांनी पकडून काही तास आत नेलं तेवढंच. मग १९८३-८४ ला लिंडा मोंटॅनो या परफॉर्मन्स कलाकार बाईबरोबर आठ फुटी दोरीने कंबरेला बांधून घेतलं, एकमेकांना स्पर्श मात्र करायचा नाही. दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची म्हणे, पण त्यांच्या बोलण्याच्या ज्या टेप आहेत त्या सीलबंद करून ठेवल्यात, कोणी ऐकायच्याच नाहीत. आजच्या काळात त्याचा आधी पॉडकास्ट झाला असता!