इसार खिशातच राहिला

आज आर्वीजवळच्या एका खेड्यात घर पाहून आलो. मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात कडुनिंब. बायको तर तिथंच चूल मांडायला निघाली! मालक काका म्हणाले, "हा पाहा नमुना 8, घर माह्याच नावानं हाये." पण ती ग्रामपंचायतीची घरटॅक्सची नोंद, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेची सनद (गावातल्या घराच्या मालकीचा सरकारी कागद) मागितली, तर ती वारलेल्या वडिलांच्या नावानं. म्हणजे दोन भाऊ, दोन बहिणी, सगळ्यांच्या सह्या. त्यातली एक बहीण सुरतेत, बोलणंच बंद. इसाराचे, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ द्यायचे, 21 हजार तसेच घेऊन परतलो. (काकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, हेही खरं.) बाईच्या नावानं खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, हे मी उगाच बोलून गेलो. तेव्हापासून बायको सुरतवाल्या बहिणीचा नंबर मागतेय.