दहा रुपयांचा स्टॅम्प आणि काढ्याची बाटली

एप्रिल २०२१. दुसरी लाट ऐन भरात. माझ्या औषध दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलांत माणसं उभी, आणि बऱ्याच जणांच्या हातात डॉक्टरांच्या चिठ्ठीऐवजी पेपरचं एकच कात्रण. आमच्या भागातल्या विद्यापीठातले औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक, त्यांची मुलाखत. एका कंपनीच्या काढ्याचं नाव घेऊन त्यांनी म्हटलं होतं की रोज दोन चमचे घेतला तर कोरोना झाला तरी बळावत नाही. नावामागे 'डॉ.' आणि खाली विद्यापीठाचं नाव. गावात आणखी काय लागतं?

बाटल्या द्यायला आलेला स्टॉकिस्टचा पोरगा सहज बोलून गेला, "सरांनीच तर टेस्टिंग करून दिलंय कंपनीला." ते डोक्यात बसलं. पैसे घेतले म्हणून माणूस खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण कंपनीचं काम केलं असेल तर मुलाखतीत तसं एक वाक्य हवं होतं, एवढंच.

विद्यापीठाकडे माहिती अधिकाराच्या कायद्याखाली पहिला अर्ज मे महिन्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला, आणि तो वाचून आज मलाच हसू येतं. चार पानं. सदर प्राध्यापकांनी जनतेची दिशाभूल केली आहे काय? त्यांना आजवर कोणकोणत्या कंपन्यांनी पैसे दिले? त्यांचे सगळे ईमेल द्यावेत. महिनाअखेरीस उत्तर आलं: अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, आणि प्रश्नार्थक मजकूर 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. चिडलो, पण त्यांचं बरोबर होतं. शब्दांची मर्यादा महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून आहे. आणि हा कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, कुणाचं मत नाही.

आमचे एक वकील स्नेही म्हणाले, "माणसाबद्दल विचारू नका भाऊ, खात्याबद्दल विचारा. पैसा विद्यापीठाच्या खात्यातून गेला असेल तर नोंद असणारच." अर्जातली ईमेलची मागणीही त्यांनीच काढून टाकायला लावली. कलम २ मध्ये ईमेल शब्द आहे, मागता येतात. अमेरिकेत असंच घडलं होतं. कोका-कोलाच्या पैशावर उभा राहिलेला लठ्ठपणाबद्दलचा एक अभ्यासगट २०१५ मध्ये उघडा पडला, कोलोरॅडो विद्यापीठाने कंपनीचे १० लाख डॉलर परत केले, आणि त्यात कंपनीचा हात किती होता ते ईमेलनी दाखवलं. पण सगळेच ईमेल मागणं म्हणजे माणसाच्या घरात शिरून फडताळं उघडणं. साथीच्या काळात खरं बोलणाऱ्या शास्त्रज्ञांनाही लोकांनी असंच छळलं. मला तेवढ्या वाटेला जायचं नव्हतं.

दुसरा अर्ज १४ जूनला. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी एवढीच: अमुक कंपनीकडून १ एप्रिल २०२० ते ३१ मे २०२१ या काळात विद्यापीठात जमा झालेल्या सल्लासेवा शुल्काच्या पावत्या, त्यासंबंधीचा करार आणि रकमेचा वाटप तक्ता, यांच्या प्रती. आवक शिक्का मारलेली पोच घेतली आणि ती पोच मात्र जिवापाड जपली. पुढे सगळ्या तारखा तिच्यावरूनच मोजल्या जातात.

आठवड्याभराने रात्री नऊला फोन. प्राध्यापक स्वतः. कलम ११ प्रमाणे त्रयस्थ पक्ष म्हणून त्यांना नोटीस गेली होती, म्हणणं मांडायला दहा दिवस. मला वाटलं, आता धमकी. आवाज मात्र थकलेला. "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, पेपरवाल्यांना आपणहून सांगायला हवं होतं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "शेठ, त्या बाटलीमागे तुम्हाला किती सुटत होते?"

मी आकडा सांगितला नाही.

२० जुलैला नकार आला. कारणं नेहमीचीच: ८(१)(डी) म्हणजे व्यापारी गुपित, ८(१)(जे) म्हणजे वैयक्तिक माहिती, आणि जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा देशपांडे निकाल, सरकारी नोकराच्या सेवेचा आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवणारा. अर्जांना उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यांना हा निकाल तोंडपाठ असतो. अपिलाला तीस दिवस असतात. २ ऑगस्टला वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं. मुद्दे तीनच. पैसा विद्यापीठाच्या पावतीवर जमा झाला, म्हणजे तो कुणाचा खासगी व्यवहार नाही. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती मलाही नाकारता येणार नाही. आणि काढ्याचं सूत्र मला नकोच आहे. कलम १० आहे, तेवढ्या ओळी काळ्या करा.

(यातला दुसरा मुद्दा आता चालणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(जे) बदललं आणि त्यातलं विधिमंडळाचं ते वाक्यच निघून गेलं. आता सार्वजनिक हित दाखवून ८(२) वर भिस्त ठेवावी लागते.)

सुनावणी २६ ऑगस्टला. एसटीने गेलो, कागद पिशवीत. अपिलीय अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये काचेच्या पडद्यापलीकडे आम्ही तिघं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे निम्मं बोलणं दोनदा करावं लागलं. जन माहिती अधिकारी म्हणाले, कंपनीची हरकत आहे. साहेबांनी विचारलं, "हरकत आहे हे कळलं. नुकसान काय होणार, ते लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटांत उरकलं. पंधरा दिवसांत प्रती द्याव्यात, असा आदेश निघाला.

अकरा पानं आली. १,८०,००० रुपयांची पावती, तारीख फेब्रुवारीची, म्हणजे मुलाखतीच्या दोन महिने आधीची. वाटप तक्त्यात विद्यापीठाचा वाटा, विभागाचा वाटा, आणि उरलेला मोठा हिस्सा प्राध्यापकांचा. सगळं नियमात, सगळ्यावर सह्या. करारात चार ओळी काळ्या केलेल्या. पण 'कामाचे स्वरूप' हा रकाना काळा केलेला नव्हता: नमुना तपासणी, जड धातू व सूक्ष्मजीव मर्यादा. बस. म्हणजे काढ्यात शिसं नाही आणि जंतू नाहीत, एवढंच तपासायचं होतं. कोरोनाचं नाव अकरा पानांत कुठेही नाही.

मी पैसे शोधायला गेलो होतो; मला या रकान्याने जास्त धक्का दिला.

प्रती जोडून पेपरला पत्र पाठवलं. "बघतो," म्हणाले. अजून बघतायत.

त्या रात्री दुकान बंद करण्याआधी मी खरेदी-विक्रीची फाइल काढली. एप्रिल-मे मिळून त्या काढ्याच्या ८६ बाटल्या गेल्या होत्या, आणि कात्रण घेऊन आलेल्या कुणालाही मी "नको घेऊ" असं म्हटलेलं नव्हतं. एका बाटलीमागे ४२ रुपये सुटले. माझं दुकान खासगी आहे, त्यामुळे हा आकडा कुणी अर्ज करून मागू शकत नाही.