पौषात पंखा

१२ जानेवारी, रात्री

पौष चालू आहे आणि मी पंखा दोनवर ठेवून हे लिहितेय. पावसजवळच्या या घरात लहानपणी या दिवसांत सकाळी बंबाजवळून हलायला नको वाटायचं. आज पांघरूण पायाशी घडी घातलेलंच आहे. संध्याकाळी बागेत चक्कर मारली. निम्म्याहून जास्त कलमांवर तांबूस, लुसलुशीत पालवी. दिसायला सुंदर, पण हापूसला पालवी फुटली की मोहोर लांबला. थंडी नीट पडली नाही की झाड असंच करतं.

जेवताना मी सहज म्हणून गेले, "हवामान बदलाचा फटका, दुसरं काय." आबाकाकांचा आमटीभाताचा घास हातातच राहिला.

"कसला बदल? बहात्तर साली देशावर दुष्काळ पडला तेव्हा किती गाड्या होत्या रस्त्यावर? आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात कोळसा कोण जाळत होतं?"

मी नेहमीचंच केलं, म्हणजे चिडले. "शास्त्रज्ञ सांगतात," म्हणाले. त्यावर उत्तर तयार होतं: "उद्या पाऊस म्हणून पण तेच सांगतात." काकू म्हणाली, आधी जेवा.

नंतर पडवीत सुपारी कातरताना काकांनी शांतपणे विचारलं, "बरं, हवेतला तो कार्बन डायऑक्साइड वाढलाय असं धरू. पण तो माणसाचाच कशावरून? समुद्रातला, ज्वालामुखीतला नसेल कशावरून?"

पुण्यात माझे सगळे मित्रमैत्रिणी हवामान बदल मानणारे. पण हा प्रश्न मला त्यांच्यापैकी कुणी कधी विचारलेला नाही. मानणाऱ्याला विचारायची गरजच काय!

मग सांगत बसले. हवाई बेटावर मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत. तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. काकांनी अडकित्ता थांबवला. "हवाई म्हणजे ज्वालामुखीचं बेट ना? मग तिथला धूरच मोजत असतील!" शंका रास्त होती. पण ज्वालामुखीकडून वारा आला की ते आकडे बाजूला काढतात, आणि दक्षिण ध्रुवावर मोजला तरी वाढ तशीच दिसते.

आणि माणसाचाच कशावरून, तर कार्बनमध्ये हलका आणि जड असे प्रकार असतात. झाडं हलका जास्त घेतात. कोळसा, तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं आणि शेवाळं, त्यामुळे त्यांच्यातही हलकाच जास्त. गेली कित्येक दशकं हवेतल्या कार्बनमधला जड वाटा घटत चाललाय. ज्वालामुखीतून आला असता तर असा घटला नसता.

"म्हणजे दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर बुडतो तसं," काका म्हणाले. मी इतकं सोपं कधीच सांगितलं नसतं.

सूर्यच जास्त तापत असेल, हेही निघालं. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजतायत, ते काही चढत गेलेलं नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट गार होतोय. गोधडीच्या आत ऊब अडकते, तसं. ही उपमा मात्र काकांना पटली नाही. पंख्याकडे बघून म्हणाले, "गोधडीचं नाव काढू नकोस."

खरी गाठ वेगळीच होती. मागे अवकाळी पावसानं मोहोर काळा पडला तेव्हा फळपीक विम्याचे पैसे मिळाले नाहीत. आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्रात पाऊस नोंदलाच गेला नव्हता. "माझ्या अंगणात पागोळ्या गळत होत्या आणि यंत्र म्हणतं कोरडं. आता तू हवाईच्या यंत्राचं सांगतेस." वर कुणीतरी येऊन म्हणे सांगून गेलं, भाजावळ करू नका, म्हणजे शेतात पाचोळा जाळू नका, हवा तापते. इथे मी काकांच्या बाजूची. धूर वाईटच, पण त्या पाचोळ्यातला कार्बन झाडानं नुकताच हवेतून घेतलेला असतो, परत झाडातच जातो. जयगडला जहाजातून उतरतो त्या कोळशातला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता.

मग काकांनी वही काढली. पहिला मोहोर कधी, वाशीच्या बाजारात पहिली पेटी कधी गेली, चाळीसेक वर्षांच्या नोंदी. फयान आणि तौक्तेच्या पानांवर फक्त वादळाचं नाव आणि खाली रेघ. मला वाटलं, आता इथेच पुरावा मिळणार. कसलं काय! तारखा मागेपुढे उड्या मारतात. मधे फवारण्या बदलल्या, मोहोर लवकर आणणारी संजीवकं आली. एका बागेच्या वहीवरून पृथ्वीचं ठरवता येत नाही, आणि यंदाच्या पालवीचं बिल सरसकट हवामान बदलावर फाडणं हाही माझा आळसच. हे काकांना सांगितलं नाही. इथे लिहितेय तेवढंच.

वही मिटताना त्यांनी विचारलं, "त्या हवाईवाल्यांची वही कोण लिहितं?"

चार्ल्स कीलिंगनं सुरू केली, मी म्हणाले. २००५ साली ते गेले. आता त्यांचा मुलगा बघतो ते काम.

"मुलगा?" काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बरं आहे त्यांचं."

आमचा दादा बोरिवलीला असतो. मे महिन्यात येतो, चार दिवस.