मुलींचं हॉस्टेल, सात मीटरचा उतार आणि दोन लाख-आठ लाखांचा घोळ

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं पाच माणसांचं ऑफिस आहे. त्यात इमारतींची थ्रीडी मॉडेलं करायचं काम माझ्याकडे. भिंत, स्लॅब, दार, पाइप, सगळं मिलिमीटरात. जमिनीचं म्हणाल तर ती आपली इमारतीखाली अंथरायची चादर. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, आणायचे, पृष्ठभाग बनवायचा, हिरवा रंग द्यायचा, झालं. सपाट प्लॉटवर इतकी वर्षं हे खपलं. मग शिवपुरी रस्त्याला, शहरापासून बरंच पश्चिमेला, मुलींच्या हॉस्टेलचं काम आलं.

प्लॉट साधारण 200 मीटर लांब. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत 7 मीटर उतार. मधून तीनेक मीटर रुंदीचा नाला, मे महिन्यात खडखडीत कोरडा. दोन फूट मातीखाली वालुकाश्म. जागा बघून आमचे सर खूश झाले, म्हणाले, "पायऱ्यापायऱ्यांनी ब्लॉक उतरवू." मीही खूश. जागा कागदावर किती देखणी दिसते!

सर्व्हेच्या दोन फायली आल्या. एक आमच्या सर्व्हेअरची, दुसरी मालकांनी आधी करून घेतलेल्या ड्रोनची. एकीत ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचा आकडा, दोन लाखांच्या आसपास, दुसरीत आठ लाखांच्या. नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा आकडा, मात्र दोन्हीकडे 28 लाखांच्या घरात. मला वाटलं, कुणीतरी आकडा चुकीचा टाकला. दोन्हींत दिसणारा गेटजवळच्या पुलियाचा, म्हणजे छोट्या पुलाचा, कोपरा धरला आणि एक नकाशा सरकवून दुसऱ्यावर बसवला. गेटजवळ तंतोतंत. पार दुसऱ्या टोकाला गेले तर कुंपण 9 मीटर बाजूला.

तीन दिवस मी सर्व्हेअरला फैलावर घेत होते. तो बिचारा एकच सांगे, "मैडम, मेरा तो सही है." बरोबरच होतं त्याचं. ड्रोनवाल्याचंही बरोबर होतं.

कोडं सोडवलं आमच्या शेजारच्या काकांनी. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, संध्याकाळी ओट्यावर बसतात. मी आकडे दाखवले तर चष्मा वर सरकवून म्हणाले, "अगं, तुझा प्लॉट अठ्ठ्याहत्तर रेखांशावर आहे का बघ." होता! हाकेच्या अंतरावर. यूटीएम या नकाशाच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात. 43 नंबरचा पट्टा 78 अंशांवर संपतो, तिथूनच 44 सुरू. ग्वाल्हेर शहर 44 मध्ये येतं, शिवपुरी 43 मध्ये. एकाने हा पट्टा धरला, दुसऱ्याने तो. प्रत्येक पट्ट्याची 'उभी रेघ' त्याच्या मध्यावर खऱ्या उत्तरेला असते, कडेला येईपर्यंत ती तिरपी होत जाते. आपल्या अक्षांशावर, पट्ट्याच्या अगदी कडेला, साधारण 1.3 अंश, एका पट्ट्यात या बाजूला, दुसऱ्यात त्या बाजूला. म्हणजे दोन नकाशांत मिळून 2.6 अंशांचा पीळ, आणि 200 मीटरवर त्याचे होतात 9 मीटर. मी नकाशा नुसता सरकवला होता, फिरवला नव्हता.

शिवाय कडेला अंतरंही थोडी ताणली जातात. टेपने 200 मीटर मोजलं तर नकाशाच्या ग्रिडवर 14 सेंटिमीटर जास्त निघतं. हॉस्टेलच्या कॉलमला 14 सेंटिमीटर म्हणजे चेष्टा नाही.

आता हे सगळं मला आधी कळायला हवं होतं, मान्य. पण इमारतीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे विचारणारी एक चौकटसुद्धा समोर आली नाही. सिव्हिलच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग सुरू करताना झोन, म्हणजे हा पट्टा, निवडायची सोय असते. आमच्याकडे उलटंच दुखणं: मॉडेल स्वतःच्या शून्य बिंदूपासून साधारण 16 किलोमीटरच्या आतच ठेवायचं, नाहीतर रेषा थरथरायला लागतात, हॅच, म्हणजे आतल्या भरणीच्या रेघा, तुटतात. आणि माझा नॉर्दिंग 28 लाख मीटर. शेवटी पुलियाच्या कठड्यात खिळा ठोकला, त्यालाच शून्य मानलं, त्याची लेव्हल टीबीएम, म्हणजे उंची मोजायची तात्पुरती खूण, म्हणून धरली आणि खरे आकडे बाजूला नोंदवून ठेवले. खिळ्याभोवती लाल रंगाचं गोल मात्र मी स्वतः काढलं.

मग नाला. सर्व्हेअरने पाच-पाच मीटरवर लेव्हल घेतल्या होत्या, नाल्याच्या काठाने वेगळ्या. सॉफ्टवेअर बिंदू जोडून त्रिकोण करतं, पण कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे ते आपल्या मनाने ठरवतं. त्याने या काठाचा बिंदू त्या काठाला जोडला, आणि मॉडेलमध्ये माझ्या नाल्यात आडवे बांध उभे राहिले. सात बांध, मोजले मी. सिव्हिलच्या सॉफ्टवेअरमध्ये काठावर ब्रेकलाइन टाकतात. त्रिकोणांनी ही रेघ ओलांडायची नाही, एवढाच तिचा अर्थ. आमच्यात मला ती मिळाली नाही. दोन्ही काठांवर आणि तळात अर्ध्या-अर्ध्या मीटरवर हाताने बिंदू भरत बसले. रात्री जेवताना आई म्हणाली, "ताटात काय शोधतेयस?"

पण खरा वैताग रस्त्याने दिला. गेटपासून वरच्या ब्लॉकपर्यंत वळणाचा काँक्रीट रस्ता, दोन टक्के आडवा उतार, कडेला नाली, मध्ये व्हीलचेअरसाठी 1:12 चा रॅम्प. वळणावर चढणारा आणि त्याच वेळी एका बाजूला कललेला रस्ता काढायचं हत्यारच नाही. लोक जे करतात तेच मी केलं: स्लॅबचे तुकडे करून कोपरे वर-खाली ओढले. पंधरा तुकडे. कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच कड, वेगळा, नाली वेगळी, खालची जमीन वेगळी, आणि कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही. सरांनी एका गुरुवारी वरच्या ब्लॉकचा प्लिंथ, म्हणजे जोतं, 300 मिलिमीटर वर घेतला. भिंती, जिने, खिडक्या एका क्लिकमध्ये वर गेल्या. जमीन जागच्या जागी. शनिवार-रविवार मी पुन्हा कोपरे ओढत.

मला एवढंच हवंय. खिडकी भिंतीबरोबर हलते तशी जमीन प्लिंथबरोबर हलावी. रस्त्याची मध्यरेषा काढली की उतार, कर्ब, नाली मागोमाग यावेत, आणि नालीचा उतार उलटा पडला तर सॉफ्टवेअरने ओरडावं. दोन पाइप एकमेकांत घुसले तर ते सांगतंच की. पाणी इमारतीच्या दिशेने वाहतंय, हे सांगायला काय हरकत आहे?

"सिव्हिलवाल्याला दे ना," असं सगळे म्हणतात. दिलं. परगावचे सल्लागार, काम चोख. पण दर बदलाला फाइल जायची, आठवड्याने यायची, आणि त्यांचा बुद्धिमान रस्ता माझ्याकडे पोचेपर्यंत नुसत्या त्रिकोणांची मुकी जाळी झालेला असायचा. आयएफसी 4.3 मध्ये, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या सामायिक फाइल-पद्धतीत, रस्ते, रेल्वे, मध्यरेषा हे सगळं आलंय, 2024 मध्ये ते आयएसओ मानकही झालं. पण रोजच्या कामात माझ्या पदरात पडली ती जाळीच.

कट-फिलचं तर विचारूच नका. मॉडेलने खोदाई आणि भराव जवळजवळ बरोबरीत दाखवले. मी ऐटीत ठेकेदाराला सांगितलं, बाहेर काही टाकावं लागणार नाही. तो हसला. दगड फोडला की सैल होऊन दीडेक पट जागा घेतो, दाबून बसवला तरी मूळ आकारमानात परत येत नाही. कितीतरी डंपर उरले. तो गुणाकार आता मी वेगळ्या शीटवर करते.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा छत्री घेऊन साइटवर गेले. नाला बिनबांधाचा, मस्त वाहत होता. पण पार्किंगच्या कोपऱ्यात, अकराव्या आणि बाराव्या तुकड्याच्या सांध्यावर, घोट्याएवढं पाणी. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, पहार घेतली आणि कर्बमध्ये वीतभर फट पाडली. पाच मिनिटांत कोपरा कोरडा. मॉडेलमध्ये ती फट मी अजून दाखवलेली नाही. त्यासाठी पुन्हा ते दोन्ही तुकडे ओढायला लागतील.