आमची वाटचाल : पाट्यापासून पिकअपपर्यंत

पिकअप लिफ्ट, म्हणजे कंपनीनं दिली त्यापेक्षा उंच, करून घेणाऱ्याला गाडी दिसते कशी, ते दुकानाच्या दारातच कळतं. ती चालते कशी, ते कागल ओलांडल्यावर कळतं. आमचा सगळा धंदा या दोन गोष्टींच्या मधल्या अंतरावर झाला, आणि बुडता बुडता राहिला तोही तिथंच.

1998 साली कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेलगत भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. काम कमान-पाट्याचं, म्हणजे एकावर एक पोलादी पाती रचून केलेल्या, गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगचं. ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या. सोबत मामा होते. मिस्त्री म्हणा, भागीदार म्हणा. कागदावर काही नव्हतं, पण शनिवारी रात्री गल्ला दोघांत वाटला जायचा. भट्टी, ऐरण, तेलाची टाकी आणि यू-बोल्ट (पाटा एक्सलला जखडणारे यू आकाराचे बोल्ट) वाकवायचा जुना प्रेस एवढीच मालमत्ता. बाकी मामांचे लाकडी फर्मे. प्रत्येक गाडीच्या पात्याचा बाक त्यांनी फळीवर कापून ठेवलेला, मागे खडूनं गाडीचं नाव. पातं लाल तापलं की फर्म्यावर धरायचं, दोन घण इकडे, एक तिकडे, आणि तेलात. पात्याचा बाक खालच्या पात्याशी जुळला नाही तर पाती मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आवळताना सगळा ताण एकाच पात्यावर येतो आणि पहिल्याच उसाला ते मोडतं. मामा गिऱ्हाइकाला पैशाचं नंतर विचारायचे. आधी विचारायचे, “गाडी रिकामी किती फिरते आणि भरलेली किती?”

पुढची बरीच वर्षं बरी गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

2014 पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली गाड्यांची स्पर्धा भरू लागली, तशा चिखलात घालायच्या जीपा आमच्याकडे येऊ लागल्या. 2016 ला इसुझूची व्ही-क्रॉस आली आणि पिकअप हौसेनं घेणारा माणूस पहिल्यांदाच दुकानात दिसला. त्यातलेच एक आजऱ्याचे अण्णा, काजूवाले. त्यांनी दुसरीकडून समोर स्प्रिंगवर उंची वाढवणारा दोन इंची स्पेसर, मागे एक जाड जादा पातं आणि 285/75 आर 16 मापाचे मोठे मड टायर टाकून आणले होते. गाडी दिसायला झकास. पण वहिनी तिच्यात बसायला तयार नव्हत्या, एसटीनं माहेरी जात होत्या.

मी उत्तूरपर्यंत चालवून बघितली. मागचा भाग खड्ड्यावर उडत होता आणि समोरून प्रत्येक खड्ड्यानंतर टक्क असा आवाज. ऐंशीच्या वर स्टिअरिंग डावी-उजवीकडे भटकत होतं. कारणं तिन्ही वेगळी, आणि बहुतेक दुकानांत तिन्हीवर एकच उत्तर मिळतं: शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदला.

टक्क आवाज स्पेसरचा. स्पेसर उंची देतो, पण चाक खाली जायला जी चाल लागते तीच खातो. खड्ड्यात चाक सुटलं की शॉकप शेवटाला जाऊन आपटतो. भटकणं कास्टर, म्हणजे चाक सरळ धरून ठेवणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी झाल्याचं. समोरची उंची वाढली की चाक धरणारा वरचा आर्म तिरका होतो आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट मागून पुढे सरकतो. आणि उडणं जाड पात्याचं. पात्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ते पातं आठपट कडक होतं. हे मामांना पुस्तकातून माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं. त्यांनी जाड पातं काढून भंगारात टाकलं आणि पातळ पात्यांचा नवा सेट बसवला. टोकं निमुळती केली, मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या, आणि हेल्पर (जादा भारासाठीचं खालचं पातं) इतका खाली ठेवला की पोती भरल्यावरच तो लागावा. समोर स्पेसर काढून वजनाला जुळणारी स्प्रिंग आणि कास्टर परत आणणारा वरचा आर्म घातला.

राहिले टायर. ते काढायला अण्णा तयार नव्हते. आमच्या काट्यावर एकेक टायर कंपनीच्या टायरपेक्षा दहा-बारा किलोनं जास्त भरला. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, ते आवरायला शॉकपच लागतो. त्यात टायर दहा प्लायचा, म्हणजे जाड-कडक, आणि हवा चाळीस पीएसआय! म्हणजे बैलगाडीच झाली. इथं थोडं सांगतो, विचारलं नसलं तरी. टायरवर आडवी खडूची रेघ मारा, सपाट रस्त्यावर थोडं सरळ जा आणि उतरून बघा. रेघ नुसती मधोमध पुसली असेल तर हवा जास्त आहे. अण्णांची रिकामी गाडी 28 वर बसली, काजू भरल्यावर मागे 38. अजून एक. मूळच्या 245/70 टायरच्या जागी हे टायर असतील तर मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 89 च्या आसपास पळत असते. घाटात हा हिशेब डोक्यात ठेवा.

अण्णा चालवून बघत नसत. मागच्या सीटवर बसायचे, मला चालवायला लावायचे आणि आजऱ्यापर्यंत तोंड उघडायचे नाहीत. उतरताना पहिल्यांदा म्हणाले, “अजून ढुंगणाला कळतंय, मालक.” आम्ही परत पाती उतरवली. तिसऱ्या खेपेला ते झोपले. नंतर वहिनी त्याच गाडीतून माहेरी गेल्या.

मग 2019 आलं. जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिला, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येणार नाही. फोन बंद झाले. तेव्हापासून आम्ही फोनवरच सांगतो, आधी आरटीओत विचारा, मग या. काहींना राग येतो. ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर. हायवे बंद, शेडमध्ये पाणी, प्रेसची मोटर गेली. पुराचं दुःख एवढं नाही. पूर सगळ्यांनाच आला.

दुःख त्या दुकानाचं आहे. पुरानंतर हायवेवर काचेचं दुकान निघालं. एसी, कॉफी, दोन तासांत लिफ्ट, आणि गाडी दगडावर चढवून फोटो. समोर स्पेसर, मागे एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ब्लॉक. आमच्यापेक्षा निम्म्यानं स्वस्त. मामांना दुप्पट पगाराचा निरोप आला, ते गेले नाहीत. त्यांचा भाचा गेला. त्याला पाना धरायला मामांनीच शिकवलं होतं.

आमच्या एका गिऱ्हाइकाला आणखी दोन इंच हवे होते. मी नाही म्हटलं. तो तिथं गेला, आमच्याच पाट्याखाली ब्लॉक घालून आला. राधानगरीच्या रस्त्यावर सेंटर बोल्ट तुटला, एक्सल मागे सरकला. नशीब, वेग कमी होता. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर फोटो फिरला: आमचा शिक्का असलेला पाट्याचा सेट, सुटून वाकडा झालेला, आणि खाली “हे बघा यांचे घरगुती पाटे”. ब्लॉक फोटोच्या बाहेर.

मी सगळे भाग मागवून टेबलावर मांडले. पातं एकही मोडलं नव्हतं. यू-बोल्टच्या आतल्या बाजूला घासून चकचकीत झालेला पट्टा होता, म्हणजे तो पहिल्यापासून सैल होता. ब्लॉक घातल्यावर यू-बोल्ट लांब लागतात, ते नवेच लागतात, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्यानं आवळावे लागतात. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्टही गाडी घोडीवर लटकत असताना आवळलेले, त्यामुळे रबर पिळून फाटलेलं. ते गाडी जमिनीवर उभी करूनच आवळायचे असतात, हे भाच्याला माहीत होतं. हे सगळे फोटो मी त्याच ग्रुपवर टाकले. तिघांनी अंगठा दाखवला. पहिला फोटो अजून फिरतो.

तो हंगाम आम्ही काढला तो अण्णांमुळे. त्यांनी आणि त्यांच्या भावकीनं ट्रॉल्यांचे पाटे झाडून आमच्याकडे टाकले, आगाऊ रक्कम देऊन. अजून शाबूत असलेलेही बदलून घेतले. मी म्हटलं, गरज नाही. म्हणाले, “तू पाटे कर, गरजेचं मी बघतो.”

मामा आता घरी असतात. गुडघे गेले. टोयोटाची नवीन हायलक्स पिकअप आली की मी मागच्या पाट्याचे फोटो त्यांना पाठवतो, ते आवाज रेकॉर्ड करून शिव्यांसकट मापं सांगतात.

गेल्या दिवाळीत त्या काचेच्या दुकानातून फोन आला. तुमचे पाटे घाऊक मिळतील का? मी दर सांगितला. रक्कम पूर्ण आगाऊ, ब्लॉकसोबत बसवायचे नाहीत, आणि शिक्का घासायचा नाही. विचारून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.