खताच्या दुकानाची मांडणी बदलली, माझा अनुभव

आमचं जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, खत, बियाणं, औषधं सगळं. दुकान 14 बाय 32 फूट आणि मागे गोदाम. नानांनी चालू केलं तेव्हा बिल फाडलं की पोतं उचललं, एवढंच काम होतं. 2017 च्या शेवटापासून अनुदानाचं खत पॉस मशीनवर, म्हणजे आधार तपासणाऱ्या विक्रीच्या मशीनवर, आंगठा घेऊनच द्यायचं झालं, ते मशीन आम्ही जिथं प्लग मोकळा होता तिथं म्हणजे आत नानांच्या गल्ल्याशेजारी ठेवलं आणि ते कायमचं तिथंच बसलं.

मागच्या जूनमध्ये कपाशीचं बियाणं आणि युरिया दोन्हीची गर्दी एकाच वेळी आली, पाऊस नाही, ऊन मे महिन्यासारखंच, आणि एक बाबा दीड तास उभे राहून दारातच खाली बसले. पाणी दिलं, थोड्या वेळानं बरे झाले, पण मला रात्री झोप नाही आली.

मग दोन दिवस मी वही घेऊन नुसता बघत बसलो. एका युरियाच्या पोत्यासाठी माणूस आधी काउंटरवर भाव विचारतो, आत जाऊन आंगठा देतो, नानांकडे पैसे, परत काउंटरवर चिठ्ठी, मग बाहेरून वळसा घालून गोदाम. एवढ्याशा जागेत पाच थांबे आणि जाणारे येणारे एकाच फटीतून. मोबाईलवर वेळ लावला तर बिलाला मिनिटभर, पण कष्टानं घासलेले आंगठे उठतच नाहीत, एकेकाला चार चार मिनिटं, आणि ज्याला फक्त बियाणं पाहिजे, ज्याला आंगठ्याचं कामच नाही, तो पण त्याच्याच मागे अडकलेला! हे दिसलं आणि पुढचं सुचत गेलं.

सुताराला लगेच नाही बोलावलं. फरशीवर खडूनं रेषा मारल्या, रिकामे खोके काउंटर म्हणून लावले आणि तीन दिवस तसंच चालवलं. खत डावीकडे, बियाणं औषध उजवीकडे, दोन वेगळ्या रांगा. मशीन पहिले दाराशी आणलं तर सकाळचं ऊन थेट त्याच्या काचेवर, एक आंगठा घेईना, म्हणून चार फूट आत सरकवलं. त्याच्या अलीकडे पाण्याची बादली न् टॉवेल ठेवला, हात धुवून पुसून, आंगठा नाही तर दुसरं बोट लावलं की बऱ्याच जणांचं काम होतं. नाना म्हणाले गल्ला दारातून दिसला पाहिजे, आलेल्या माणसाला रामराम करता आला पाहिजे, ते मला पण पटलं, गल्ला हलवला नाही.

साठा आणि भावाचा बोर्ड लावावाच लागतो, आमचा आत कॅलेंडरमागे होता. तो बाहेर लावला, म्हणजे डीएपी खत नसेल तर माणूस वाचून परत जातो, रांगेत फुकट उभा राहत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा याच बोर्डाचा झाला आणि खर्च काहीच नाही.

आता आमच्या माणसांचं. काउंटरवरच्या पोराचं स्टूल औषधाच्या कपाटाला टेकूनच होतं, संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं दुखायचं आणि आम्ही म्हणायचो उन्हामुळे. कीटकनाशक वेगळ्या खोलीत नाही तर कुलपाच्या कपाटात ठेवा असा नियमच आहे, आमचं कपाट दिवसभर उघडंच, चूक आमचीच. ते मागे नेलं, कुलूप लावलं, एक्झॉस्ट बसवला. डोकं दुखायचं थांबलं, त्यानंच सांगितलं. हमाल काका 45 किलोचं पोतं पंचवीस पावलं आणायचे, आता रोजची चाळीस पोती बाजूच्या शटरजवळ लाकडी फळ्यांवर असतात, सहा सात पावलांत गाडीवर.

काउंटरचा एक भाग बसल्या बसल्या हात पोचेल इतका खाली घेतला, समोर बाक, वर हिरवी नेट. यंदा तेच बाबा आले, बाकावर बसले न् म्हणे, "बठाले जागा भेटनी, बरं झायं भाऊ." (बसायला जागा मिळाली, बरं झालं भाऊ.) मला भरून आलं खरं सांगतो.

सर्व्हर बंद पडला की खताची रांग अजूनही तशीच थांबते, त्याला माझ्याकडे उपाय नाही, पण बियाण्याची तरी चालू राहते. अजून दोन बाक सांगितलेत, रब्बीच्या आधी येतील.