विंडली कीची खाण: सव्वा लाख वर्षं जुनी प्रवाळं

अमेरिकेतल्या फ्लोरिडात मायामीहून की वेस्ट या टोकाच्या बेटावर ('की' म्हणजे छोटं बेट) जाणारा समुद्रावरचा रस्ता सुंदर आहे, त्यावरची वाहनांची रांग अजिबात सुंदर नाही. सगळ्यांना घाई की वेस्टची. तिथे आम्ही काय पाहिलं? गर्दी, सूर्यास्त आणि सूर्यास्ताला टाळ्या वाजवणारी गर्दी. संपलं की वेस्ट.

मला लिहायचंय ते वाटेतल्या विंडली की बेटावरच्या जुन्या दगडखाणीबद्दल. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीची रेल्वे 1912 मध्ये की वेस्टला पोचली, तिच्या भरावाला इथला दगड गेला. 1935 च्या चक्रीवादळाने ती रेल्वे मोडली. खाण मात्र पुढेही चालू राहिली, आता तिथे उद्यान आहे. दगड म्हणजे अख्खी प्रवाळभिंत. सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 6 ते 9 मीटर उंच होता, तेव्हा ही प्रवाळं पाण्याखाली वाढली. आज आपण कोरड्या पायांनी त्यांच्या मधोमध उभे राहतो!

खाणीची भिंत यंत्राने सरळ कापलेली, त्यावर उभ्या खाचा. एका जागी मेंदू-प्रवाळाच्या नागमोडी वळ्या इतक्या स्पष्ट होत्या की मी बोट फिरवत बसलो. हातभर अंतरावर तारा-प्रवाळाचा गोळा उभा चिरलेला. तळापासून बारीक नळ्या पसरत वर गेलेल्या. त्याच्याच शेजारचा आडवा कापला गेलाय, तिथे नळ्यांची नुसती गोल तोंडं. कापणाऱ्याला काय त्याचं! पण समुद्राचं जुनं तापमान शोधणाऱ्यांना हाच फरक महत्त्वाचा. ते प्रवाळातून दंडगोल नमुना काढतात, त्याची पातळ चकती करून एक्स-रे घेतात. त्यात वर्षावर्षाचे पट्टे दिसतात. मग नळ्यांच्या वाढीच्या दिशेनेच बारीक ड्रिलने भुकटी काढत जायचं. दिशा चुकली की हिशेब बिघडतो.

त्या भुकटीत मोजतात स्ट्रॉन्शियम. सांगाडा बांधताना प्रवाळ कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियमही घेतं: कॅल्शियमच्या हजार अणूंमागे साधारण नऊ. पाणी एका अंशाने तापलं की हा आकडा सुमारे 0.06 ने उतरतो. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा! ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरूनही (म्हणजे कमी-जास्त वजनाच्या ऑक्सिजन अणूंच्या प्रमाणावरूनही) तापमान काढतात, पण त्यात पाण्याच्या खारटपणाची लुडबुड होते, म्हणून स्ट्रॉन्शियम जास्त भरवशाचं.

मग या भिंतीतून सव्वा लाख वर्षांपूर्वीचं तापमान सरळ वाचता यावं की नाही? तिथेच घोडं पेंड खातं. समुद्र ओसरल्यावर हजारो वर्षं पावसाचं पाणी अशा दगडात मुरतं. मूळ सांगाडा अॅरागोनाइट या खनिजाचा, तो विरघळून त्या जागी कॅल्साइट हे दुसरं खनिज बसतं आणि स्ट्रॉन्शियम वाहून जातं. स्ट्रॉन्शियम कमी, म्हणजे पाणी गरम, असा खोटा जबाब मिळतो. डोळ्यांना वळ्या न् वळ्या शाबूत, आतली नोंद मात्र पुसलेली असू शकते. त्यामुळे जुन्या प्रवाळाची आधी खनिज-तपासणी होते, तापमानाचं नंतर. हे समजल्यावर मला त्या भिंतीचा उगाचच राग आला.

जिवंत प्रवाळांचं तसं नाही. की वेस्टच्याही पलीकडे ड्राय टॉर्टुगास बेटं आहेत. तिथल्या प्रवाळांच्या स्ट्रॉन्शियमवरून 1734 ते 2008 पर्यंतचं तापमान मांडलं गेलंय. थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं 1734 मध्ये? 2023 च्या जुलैत फ्लोरिडातल्याच मॅनेटी बे या उथळ खाडीतल्या यंत्राने 38 अंशांवर पाणी नोंदवलं, त्याची बातमी जगभर झाली. पण एका दिवसाचा आकडा किती जगावेगळा, हे ठरवायला मागची शतकं हवीत, आणि ती या सांगाड्यांतच आहेत.

ड्राय टॉर्टुगासला जायची फार इच्छा होती. बोट भरलेली. आगाऊ जागा धरा, असं सांगणारे पुष्कळ भेटले, सगळे परतीच्या वाटेवर. विंडली कीला मात्र कुणीच रांगेत नव्हतं, डास सोडून. तिथला एक स्वयंसेवक भिंतीतलं प्रत्येक प्रवाळ ओळखून दाखवत होता, आणि आमच्या मागे आलेलं कुटुंब पाच मिनिटांत गाडीत बसून की वेस्टकडे निघालंसुद्धा.